परातीतली मोटारसायकल

माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर आहे, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पटलं. तोवर ती पदवी सांगलीच्या घरात भिंतीवर होती आणि विद्याधर संगणकापुढे. त्याच्या पिढीतल्या निम्म्या मुलांचं असंच झालं. शिकले इंजिनं आणि पोट भरलं सॉफ्टवेअरवर. घरातल्या नळाचा वायसर बदलायचा झाला तरी हा प्लंबरला फोन करायचा, आणि तो बिचारा काम करत असताना मागे उभं राहून त्याला सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

म्हणून त्या शनिवारी बँकेतून अर्ध्या दिवसाची घरी आले आणि पोर्चमध्ये जे पाहिलं, त्यानं मी चप्पल काढायची विसरले. आमची मोटारसायकल, जिला अजून सांगलीची एमएच दहाची नंबरप्लेट होती आणि त्यापायी मद्रासजवळच्या तांबरमचा प्रत्येक ट्रॅफिक पोलीस जिला प्रेमानं थांबवायचा, ती सोललेल्या फणसासारखी उघडी पडली होती. टाकी एकीकडे, सीट दुसरीकडे. आणि माझी पुरणपोळीची कणीक मळायची पितळी परात जमिनीवर. तिच्यात जुना पेपर अंथरून त्यावर बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, प्लग, साखळी आणि कार्बोरेटरचे सगळे अवयव ओळीनं मांडलेले. मधोमध विद्याधर, बनियनवर, कोपरापर्यंत काळा.

"परात?" एवढंच मी म्हटलं.

"धुऊन देईन," तो म्हणाला. मान वर न करता.

एरवी मी त्या परातीवरून रामायण घडवलं असतं. पण गिळलं. कारण फेब्रुवारीपासून हा माणूस स्वतःहून कशालाही हात लावत नव्हता.

फेब्रुवारीचं सांगायला हवं. दोन हजार नऊ साल. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीतली माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. एकट्याची नाही, त्याच्या मजल्यावरच्या कितीतरी जणांची. पण इतरांनी आठवडाभर शिव्या दिल्या आणि पुढच्या कामाला लागले. हा अडकला. त्याचं कारण मला ठाऊक होतं. यादी निघायच्या आधी थोडे दिवस त्यानं एका संध्याकाळी घाईत, न तपासता, प्रोग्रॅममध्ये एक बदल करून ठेवला होता आणि त्या गिऱ्हाइकाचं काम दिवसभर बंद पडलं होतं. तेवढ्यावरून काढलं असं नाही, पण यादीत नाव यायला तेवढं पुरलं. यावर विद्याधरचं म्हणणं असं, की तपासायचं काम दुसऱ्याचं होतं, वेळ मॅनेजरनं दिला नाही, आणि मुळात गिऱ्हाइकाची मशीनंच जुनाट. नाचता येईना अंगण वाकडं. मी हे तोंडावर म्हटलं नाही, पण म्हण काही माझ्यासाठी थांबत नाही, ती आपोआप आठवते.

त्यानंतर दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सुटली? आणि दोन्हीकडे यानं अर्धा अर्धा तास कोणाकोणाची चूक होती ते समजावून सांगितलं. घरी येऊन मला म्हणाला, "सगळं अगदी मुद्देसूद मांडलं." कोणी परत बोलावलं नाही. मग त्यानं अर्ज करणंच सोडलं. मी तांबरमच्या शाखेत जायचे, संध्याकाळी यायचे, आणि तो सकाळी होता त्याच खुर्चीत असायचा. गाडी खाली पोर्चमध्ये मेणकापडाखाली. उन्हाळा गेला, तिच्यातलं पेट्रोल नासलं, किक मारली तर खोकल्याइतकाही आवाज येईना.

आणि त्या शनिवारच्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्यानं याचं नाव कुठेतरी पुढे केलं. शोळिंगनल्लूरचीच एक छोटी कंपनी. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मुलाखत. मला वाटलं, हा आनंदानं उडी मारेल. तर म्हणाला, "गाडी चालू झाली तर जाईन."

"आणि नाही झाली तर बसनं जा."

"नाही झाली तर नाही जाणार."

"म्हणजे काय?"

"तेवढंसुद्धा जमत नसेल तर समजून घ्यायचं."

आमच्याकडे लोक देवाला कौल लावतात. यानं कार्बोरेटरला लावला होता. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गाडी ढकलत नेता आली असती. पण आयुधपूजा तोंडावर आली की साऱ्या मद्रासला आपापली गाडी धुऊनपुसून हवी असते, त्यामुळे त्याच्या दारात आठवडाभराची रांग. शिवाय रांगेत उभं राहिलं की चार ओळखीचे भेटणार आणि ऑफिस कसं चाललंय विचारणार. म्हणून स्वतःच. इंटरनेटवरून छापून आणलेली चित्रं, नवे पाने आणि माझी परात.

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. तो काडीनं वंगण खरवडत होता. "हे बघ," त्यानं चण्याच्या डाळीएवढी पितळी वस्तू चिमटीत धरली. "मेन जेट. मधून भोक आहे बघ, केसाएवढं. गाडीला वेग येतो तो एवढ्या भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर." त्यानं ते डोळ्याला लावून आभाळाकडे पाहिलं, मग मलाही पाहायला दिलं. खरंच, पलीकडे उजेडाचा टिपका दिसत होता. किती महिन्यांनी हा मला काहीतरी दाखवत होता. मला इतकं बरं वाटलं, की परातीला आलेला वास मी माफ केला.

अंधार पडेपर्यंत सगळे भाग पेट्रोलनं स्वच्छ झाले. सकाळी जोडायचे, असं ठरवून त्यानं परातीवर फडकं टाकलं.

आता मामी. आम्ही ज्यांच्या घरात वर राहत होतो त्या सीतालक्ष्मी मामी. तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी राजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. जेवण सांबार-भाताचं, हिशेब तमिळमध्ये, पण घरात मराठी. तीही अशी, की पहिल्या दिवशी मला वाटलं कोणी बखर वाचून दाखवतंय. 'पळे' म्हणजे पहा आणि 'अस्कें' म्हणजे सगळं, हे मी हळूहळू शिकले. यजमान व्यासराजराव रेल्वेत होते, ते जाऊन काही वर्षं झालेली. मामी एकट्या, नीटनेटक्या आणि आमच्या बाबतीत जरा जास्तच चौकस. विद्याधरची नोकरी गेल्याचं त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. मात्र दुपारचं ताक मी बँकेत गेल्यावर रोज वर जायचं, ते मला फार उशिरा कळलं.

रविवारी सकाळी आम्ही खाली उतरलो तर परातीभोवती सुरेख कोलम, तिकडची रांगोळी, काढलेला. मामी न्हाऊन केसांना गाठ मारून उभ्या.

"विद्याधरा, आज ह्यांस हात लावूं नको हां," त्या म्हणाल्या. "आज आयुधपूजा. आयुधांनी आज बसावें. उद्यां विजयादशमीस उचलावें, मग पळे, कसें चालतें तें."

आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, दसऱ्याला गाडीला हार घालतात. पण दिवसभर पाना उचलायचाच नाही, इतकं कडक आम्ही कोणी पाळत नाही. मी विद्याधरकडे पाहिलं. एक दिवस गेला तर जोडायला उरतो फक्त सोमवार. मला वाटलं, आता हा फुटणार, आणि फुटला असता तर मी त्याचीच बाजू घेतली असती. पण तो परातीकडे आणि कोलमकडे पाहत राहिला. रेषा बोल्टांच्या ओळींना अगदी समांतर होत्या.

"बरं," तो म्हणाला. "मग पूजा कोण करणार?"

"घरचा कर्ता. तूं."

"मला काही येत नाही मामी. तुम्हीच करा."

मामी दोन पावलं मागे सरल्या. "अय्यो, माझ्या हातानें नको रे. हे होते तोंवर तेच करीत. त्यांची सायकल, त्यांचे पाने, अस्कें. ते गेल्यावर ह्या घरांत आयुधपूजा नाहीं. माझा हात ह्याला चालत नाहीं."

"कोण म्हणतं चालत नाही?"

"कोणी कां म्हणावें? अस्क्यांस ठाऊक आहे."

"मला नाही ठाऊक," विद्याधर म्हणाला. "घरात मोठ्या तुम्ही. तुम्ही केलीत तर होईल, नाहीतर राहू दे. मी आत्ता जोडायला घेतो." आणि त्यानं खरंच पान्याकडे हात नेला. लबाड माणूस.

"अरे अरे, थांब की!" मामी म्हणाल्या.

शेवटी तोड निघाली. गंध मामी लावणार, कुंकू मी. त्या आत गेल्या आणि सहाणेवर खोड घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. परत आल्या त्या वाटीभर गंध घेऊन. आधी पाने, मग पकड, मग गाडीचा सांगाडा, चाकं, दिवा. मला वाटलं, झालं. पण त्या परातीपाशी मांडी घालून बसल्या.

"मामी, ते नुसते बोल्ट आहेत."

"एकास लाविलें आणि एकास सोडलें तर तें रुसतें गे."

मग एकेक बोल्ट, एकेक वायसर. विद्याधरच्या मांडणीतलं काही न हलवता, अनामिकेनं अलगद टिपके. त्यांच्या मागून मी कुंकवाचं बोट घेऊन. चेहरा असा उजळलेला, की किती वर्षांनी त्यांना कोणी घरचं म्हणून काम सांगितलं असेल, असं माझ्या मनात आलं. पोरी म्हणजे चुरमुरे आणि गूळ असा नैवेद्य झाला, चण्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, झालं. आम्ही तिघांनी पोर्चमध्येच पाय पसरून ते खाल्लं. वरून हवाई दलाचं सरावाचं विमान घरघरत गेलं, तर मामी म्हणाल्या, "त्यासही आज सुट्टी पाहिजे होती." विद्याधर हसला.

सोमवारी पुन्हा दिवा लावून, नमस्कार करून हत्यारं उचलली. विद्याधरनं एकेक भाग फडक्यानं पुसत जोडायला घेतला. मला मदत म्हणून नेमलं होतं. माझं काम, मागेल ते हातात देणं आणि मधे न बोलणं. पहिलं मी उत्तम केलं. दुपार व्हायच्या आत परात रिकामी झाली. एकही वायसर शिल्लक राहिला नाही, याचं मला वाटलेलं आश्चर्य मी लपवू शकले नाही. नवं पेट्रोल, नवा प्लग, नवं ऑइल. मामींनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. काय सांगू! मी टाळ्या वाजवल्या. मामींनी हात जोडले. विद्याधरचा चेहरा, परीक्षेचा निकाल लागल्यासारखा. त्यानं गिअर टाकला, ॲक्सिलरेटर पिळला, आणि गाडी आचके देऊन बंद पडली.

पुन्हा किक. सुरू. उभ्या उभ्या गुरगुरतेय छान. वेग द्यायला जावं तर मेली. चोक ओढून पाहिला, पेट्रोलचा कॉक पाहिला, प्लग काढून परत बसवला. शेजारचे दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या गाड्या हार घालून लिंबावरून केव्हाच गेल्या होत्या. त्यांनी तमिळमध्ये सल्ले दिले. विद्याधरला निम्मे कळले नाहीत, तेच बरं झालं. शेवटी त्यानं किक मारायची थांबवली आणि पायरीवर बसला.

मी पाहिलं तर दारात मामी नाहीत. आत गेले. त्या स्वयंपाकघरात भिंतीशी बसल्या होत्या, पदर तोंडाला.

"माझाच हात गे, अलकनंदा," त्या म्हणाल्या. "नको नको म्हणून सांगटलें होतें. पावम, बिचारा तो लेकरू. त्याचें उद्यांचें काम गेलें."

"मामी, काहीतरीच काय! यंत्र आहे ते."

"यंत्रास पूजा लागते, मग हातही लागतो की." मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

बाहेर आले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. गाडीवर, याच्या कौलावर, सगळ्यावर. "उद्या बसनं जा," मी म्हटलं. "मेडवाक्कमपर्यंत शेअर ऑटो आहे, तिथून बस."

"सांगितलं ना, जाणार नाही."

"एका सडक्या गाडीपायी?"

"गाडीपायी नाही," तो म्हणाला. "एवढंसं काम, स्वतःच्या हातांनी केलेलं. तेही चुकलं. मग मी कुठल्या तोंडानं सांगू लोकांना, की मला काम येतं?"

मी काहीतरी बोलले, ते चांगलं नव्हतं, आणि वर निघून आले. भांडी आदळली. भात लावला. मला ठाऊक होतं, आता तो वर येईल, भिंतीकडे तोंड करून आडवा होईल, आणि ती खुर्ची पुन्हा सुरू होईल. या वेळी किती महिने, कोण जाणे. त्या भीतीनं मला चक्क रडू आलं. ती नोकरी मिळाली नसती तरी चाललं असतं मला. माझ्या पगारात आमचं भागत होतं. पण हा माणूस न लढता स्वतःला नापास करून टाकणार होता, ते मला सोसवत नव्हतं.

भाताची शिटी झाली, आणि तिच्या मागून खालून आवाज आला. लोखंडावर पाना लागल्याचा.

मी जिन्यात जाऊन वाकून पाहिलं. तो पुन्हा मांडी घालून बसला होता. कार्बोरेटर काढलेला. एकेक भाग उचलून, पुसून, उलटसुलट करून पाहत होता. घाई नाही, आदळआपट नाही. मी पायांचा आवाज न करता खाली उतरले आणि मागे उभी राहिले. त्यानं मेन जेट उचललं, आभाळाकडे धरलं, डोळा लावला. बराच वेळ तसाच राहिला.

"उजेड दिसत नाही," तो म्हणाला.

त्यानं फुंकर मारली. काही नाही. पेट्रोलात बुडवून हलवलं. काही नाही. तेव्हा त्यानं वायरची एक बारीक तांब्याची तार काढून हलकेच आत सरकवली. तारेच्या टोकाला पिवळसर कण आला. त्यानं तो बोटावर चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे वळून बोट माझ्या नाकापुढे धरलं.

पेट्रोलच्या वासातूनही ओळखू आलं. चंदन!

त्या पितळी डाळीच्या माथ्यावर मामींनी मनापासून टिपका दिला होता, तो भोकात उतरून वाळून बसला होता. विद्याधरनं वरचं पुसलं. आतून तर शनिवारीच साफ केलंय म्हणून पाहिलं नाही. पेट्रोलनं तो सुटेल कसा? पाण्यात उगाळलेला, त्याला पाणीच हवं. "अलका, कोमट पाणी आण वाटीभर," तो म्हणाला. मी धावतच आणलं. थोड्या वेळानं त्यानं जेट पुन्हा आभाळाकडे धरलं आणि यावेळी हसला.

"म्हणजे तुझी जोडणी बरोबर होती!" मी ओरडलेच.

"बरोबर होती."

"तुझी काहीएक चूक नव्हती!"

"नव्हती."

मला काय झालं कोण जाणे. एवढे महिने मी या माणसाकडून कोणाकोणाच्या चुका ऐकल्या होत्या आणि मनात म्हणी म्हटल्या होत्या. आणि आज पहिल्यांदा खरोखरच याची चूक नव्हती, पुराव्यासकट नव्हती. मला ते साऱ्या गल्लीला सांगायचं होतं. "थांब, मामींना सांगते," म्हणत मी वळले. त्यानं माझं मनगट धरलं. मनगटाला काळा पट्टा उमटला.

"सांगू नकोस."

"का?"

"सकाळी गाडी बंद पडली तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला नाहीस?"

मी जागच्या जागी थांबले. मामी स्वयंपाकघरात काय म्हणाल्या ते मी याला सांगितलंच नव्हतं. ते शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते आणि या आनंदात विसरले होते; त्यानं न ऐकता ओळखलं होतं. तो किका मारत असताना, शेजारचे बघत असताना, स्वतःची लाज निघत असताना त्यानं दाराकडे पाहिलं होतं.

त्यानं सगळं परत बसवलं, हात फडक्याला पुसले आणि मामींच्या दारात जाऊन उभा राहिला. चिकट काळ्या पायांनी उंबरा ओलांडला नाही.

"मामी, बाहेर या. चूक सापडली."

मामी आल्या. डोळे सुजलेले. "काय चूक?"

"माझी," विद्याधर म्हणाला. "एक भाग नीट न बघता बसवला मी. साफ आहे असं धरून चाललो. चूक माझी होती."

"खरें सांगतोस?" त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "माझ्या हाताचें कांहीं नाहीं?"

"तुमच्या हाताचं एवढंच, की दुसऱ्या किकला इंजिन लागलं. आठ महिने बंद होतं ते. पुढचा घोळ माझा."

मामी वळल्या. आत गेल्या आणि येताना कुंकवाची डबी घेऊन आल्या. काल जी माझ्या हातात दिली होती तीच. त्यांनी स्वतःचं बोट बुडवलं आणि गाडीच्या दिव्यावरच्या गंधावर ठेवलं. मग आमच्या कोणाकडेही न बघता पदरानं डबीचं झाकण पुसत राहिल्या. गाडी सुरू झाली, लिंबावरून गेली आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघी फाटकाशी उभ्या होतो.

तो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. केस उडालेले, चेहऱ्यावर धूळ. मोरीच्या नळाखाली खोबरेल आणि साखर घेऊन हात चोळायला बसला. मी तांब्यानं पाणी घालत होते.

"उद्या बसनं जाईन म्हणतो," तो म्हणाला.

तांब्या मी त्याच्या डोक्यावर ओतायचाच बाकी ठेवला. "मग हा सगळा खटाटोप कशाला केलास?"

"इस्त्रीचा शर्ट मळेल गं. आणि खरं सांगू? आज चालू झाली नसती तरी गेलो असतो."

"हे कधी ठरलं? दुपारी तर म्हणत होतास..."

"मामींपुढे उभा होतो तेव्हा." तो नखांतलं काळं काढत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "चूक माझी होती, हे वाक्य किती महिने तोंडातून निघत नव्हतं माझ्या. तुला माहितीये. आणि निघालं ते कुठे, तर जिथे माझी चूक नव्हती तिथे. म्हटलं, आणि काहीच झालं नाही गं. आभाळ पडलं नाही. उलट मामींनी आपल्या हातानं कुंकू लावलं."

मी पाणी घालायचं थांबवलं.

"उद्या विचारतील, तिथून का काढलं," तो म्हणाला. "सांगेन, माझ्याकडून एक चूक झाली होती, न तपासता काम पुढे ढकललं. एक वाक्य. मग म्हणेन, पुढचा प्रश्न विचारा."

माझ्याकडे त्या वेळी नेमकी एक म्हण हवी होती, टोमणा हवा होता, पण एकही आठवेना. मी तांब्या खाली ठेवला आणि त्याचे ओले, तेलकट, साखरेनं खरखरीत झालेले हात दोन्ही हातांत धरून तिथेच मोरीवर बसून राहिले. नोकरी मिळते की नाही, ते उद्या कळणार होतं. मला हवं होतं ते आज झालं होतं.